बारा बोटांचं आतडं

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या कंट्रोल रूममध्ये ज्यानं तीस वर्षं काढली, त्याचा हात निवृत्तीनंतरही दर तासाला पेन शोधतो. ड्रम लेव्हल, वाफेचं तापमान, कंडेन्सरचा व्हॅक्यूम. आकडा बघायचा, लॉगशीटमध्ये लिहायचा, पुढच्या पाळीच्या माणसाला चार्ज द्यायचा आणि घरी जाऊन झोपायचं. रकाना मोकळा राहिला की सकाळी साहेबाची बोलणी खायची. माझ्या वडिलांच्या शिफ्टमधले एक काका स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं आजारी पडले, तेव्हा त्यांनी दोनशे पानी वही आणली, फूटपट्टीनं उभ्या रेघा मारल्या आणि लाल पेनानं मथळे घातले. वेळ. काय खाल्लं. मोशन. मळमळ. गोळी. शेवटचा रकाना रिमार्क्सचा.

ती वही आता माझ्यासमोर आहे. नाव छापायचं नाही, या अटीवर दिलीय. "लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं संडासाचा हिशेब ठेवला," काका म्हणाले.

"ठेवलाच की," काकू आतून म्हणाल्या.

कॅन्सरवर दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहून आलं आहे. त्यात जिद्द असते, गळून गेलेले आणि पुन्हा आलेले केस असतात, देवमाणूस डॉक्टर असतो. संडास नसतो. खरं तर पोटातल्या गाठीवर रेडिएशन घेणाऱ्या माणसाचा सहा-आठ आठवड्यांचा दिवस त्याच एका खोलीभोवती आखलेला असतो. कुठेही गेलं की आधी ती खोली कुठे आहे ते बघायचं, मग खुर्ची. काकांची वही वाचताना मला वाटलं, आपल्याकडे या विषयावर कुणी बोलत नाही, आणि न बोलण्यानं जेवढं बिघडतं तेवढं किरणांनीही बिघडत नसेल.

आधी पोटातला नकाशा बघू. जठराच्या मागे, कण्याच्या पुढ्यात, साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीचं स्वादुपिंड आडवं पडलेलं असतं. डोकं उजवीकडे, शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत. या डोक्याला लहान आतड्याच्या पहिल्या भागानं, म्हणजे आद्यांत्रानं, अर्धगोल वेढा घातलेला असतो. लेकराला कडेवर घेतल्यासारखा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हीरोफिलसनं या भागाची लांबी बोटं आडवी लावून मोजली आणि त्याचं नाव पडलं 'बारा बोटांचं'. पुढे लॅटिनमधून तेच 'ड्युओडेनम' म्हणून जगभर गेलं. आपल्या वैद्यकानं त्याच जागेला 'ग्रहणी' म्हटलं, अग्नीचं स्थान म्हटलं, आणि ती जागा बिघडल्यावर होणाऱ्या आजारालाही ग्रहणी हेच नाव दिलं. अवयव आणि दुखणं एकाच नावानं. मला हे नाव जास्त पटतं, कारण ही जागा शाबूत असते तेव्हा तिची आठवणही कुणाला होत नाही.

बारा बोटांच्या या आतड्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटरची. त्याला खेटून गाठ. वर जठर, खाली लहान आतड्याची वेटोळी, समोर मोठ्या आतड्याचा आडवा पट्टा, मागे दोन्ही मूत्रपिंडं आणि मज्जारज्जू. चाळीत एका खोलीला आग लागावी आणि बंबवाल्याला सांगावं की, शेजारच्या खोलीतली गादी भिजता कामा नये.

मराठी-कोकणी माणसानं हा आजार डोळ्यांदेखत पाहिला तो गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यामुळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईच्या लीलावतीत दाखल झाले, त्याच महिन्याच्या २२ तारखेला गोव्यात परतून त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. मग अमेरिका, मग दिल्लीचं एम्स. आजाराचं नाव सरकारकडून अधिकृतपणे बाहेर आलं ते ऑक्टोबरात. डिसेंबरात मांडवीवरच्या नव्या पुलाच्या पाहणीला हा आयआयटीतला धातुशास्त्राचा इंजिनिअर नाकात नळी घेऊन आला आणि ३० जानेवारी २०१९ ला त्याच नळीसकट अर्थसंकल्प मांडायला उभा राहिला. १७ मार्चला ते गेले, वय ६३. त्या नळीवर तेव्हा देशभर चर्चा झाली, धैर्याच्या बाजूनं आणि सत्तेच्या हव्यासाच्या बाजूनंही. पण अशी नळी माणसाला का लागते, पोटातल्या या कोपऱ्यात काय-काय अडू शकतं, यावर चार वाक्यं कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. नेत्याच्या पोटाबद्दल बोलायला आपल्याला जसा संकोच, तसाच बापाच्या.

काकांना आधी कावीळ झाली. पोटात दुखणं नाही, ताप नाही, फक्त डोळे पिवळे, लघवी कडक चहासारखी आणि अंगाला खाज. कावीळ म्हटल्यावर आपल्याकडे जे होतं तेच झालं. कुणीतरी पत्ता दिला, तीन आठवडे झाडपाल्याचा रस पोटात गेला, खडीसाखर झाली. वजन सात किलो उतरलं तेव्हा सोनोग्राफी. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात होती आणि तिनं पित्तनलिका दाबली होती. दुर्बिणीतून नलिकेत स्टेंट टाकला, कावीळ उतरली. पण आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीला गाठीनं मिठी मारलेली. ॲलन व्हिपल या अमेरिकी सर्जननं १९३५ मध्ये जगापुढे ठेवलेली ती मोठी शस्त्रक्रिया, जी आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते, अशा वेळी करता येत नाही. म्हणून काही महिने किमो आणि मग रेडिएशन. एकूण ५०.४ ग्रे, २८ भागांत. सोमवार ते शुक्रवार रोज १.८. शनिवार-रविवार सुट्टी. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या.

आपल्याकडे रेडिएशनला 'शेक' म्हणतात, 'लाइट' म्हणतात, 'करंट' म्हणतात. करंट हा शब्द ऐकून काका हसले असतील. बॉयलरमधून ५४० अंशांची वाफ काढून ती टर्बाइनवर सोडणाऱ्या माणसाला शेक म्हणजे काय ते कुणी सांगायला नको. त्यांनी रेडिएशन विभागातल्या फिजिसिस्टला पहिल्याच दिवशी विचारलं, "टेंपरेचर किती वाढतं?"

उत्तर ऐकण्यासारखं आहे. एक ग्रे म्हणजे एक किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा. अख्खा ५०.४ ग्रेचा डोस एकदम दिला असं धरलं, तरी त्या ऊर्जेनं एक किलो पाणी तापेल ते एका अंशाच्या साधारण ऐंशीव्या हिश्शानं. चहाचा घोट त्याहून कितीतरी जास्त शेकतो. म्हणजे शेक नाहीच. किरण भाजत नाहीत. ते पेशीच्या केंद्रात शिरून डीएनएचा दोर तोडतात आणि निघून जातात. पेशीला त्याच क्षणी काही कळत नाही. ती दुभंगायला, एकाची दोन व्हायला जाते तेव्हा दोर तुटलेला सापडतो आणि ती मरते. जी पेशी भराभर दुभंगते ती लवकर मरते. कॅन्सरची पेशी अशी असते. आणि दुर्दैवानं आतड्याच्या अस्तराचीही.

लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत संपूर्ण नवं होतं. मखमलीसारख्या लवींच्या मुळाशी बारीक खळगे असतात, तिथे पेशी जन्मतात, वर सरकत जातात आणि टोकाशी पोचून गळून पडतात. शरीरात इतक्या घाईनं माल काढणारे कारखाने थोडेच. किरणांनी खळग्यांतली पैदास थांबली की वरचा माल काही दिवस पुरतो, मग तुटवडा. म्हणून जुलाब पहिल्या दिवशी होत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात आणि उपचार संपल्यावर दोन ते चार आठवड्यांत, खळगे पुन्हा चालू झाले की, ओसरतात. मळमळीचं गणित वेगळं. किरण पडल्यावर आतड्यातल्या काही पेशी सिरोटोनिन सोडतात, ते मेंदूकडे 'ओक' असा निरोप धाडतं. हे तास-दोन तासांत होतं. ऑन्डान्सेट्रॉनची गोळी हाच निरोप अडवते, त्यामुळे ती टेबलावर चढायच्या आधी घ्यायची असते. ओकारी आल्यावर घेतलेली गोळी म्हणजे संच ट्रिप झाल्यावर वाजलेला अलार्म.

हे सगळं ठाऊक व्हायला जगाला वेळ लागला नाही. रॉन्टगेननं क्ष-किरण शोधले १८९५ च्या शेवटी. १८९७ मध्ये, म्हणजे दोन वर्षं पुरती व्हायच्या आत, डेव्हिड वॉल्श नावाच्या डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की, किरणांजवळ काम करणाऱ्याचं पोट बिघडतंय. किरणांनी आतडं दुखावतं ही माहिती जवळपास किरणांइतकीच जुनी आहे. तरी आजही माणूस रेडिएशनच्या खोलीबाहेर सुईच्या भीतीनं बसलेला असतो आणि त्याला वाटत असतं की त्रास झाला तर कातडीला होईल.

वहीतला पहिला आठवडा सपाट आहे. 'मळमळ १.' 'मळमळ ०.' एके ठिकाणी रिमार्क्समध्ये : 'मशीन ४० मि. लेट.' त्याच्या आधीचं एक पान नियोजनाच्या स्कॅनचं. अंगाच्या साच्यात निजवून, हात डोक्यावर घ्यायला लावून सीटी स्कॅन काढला. पोटावर तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढे शाईचे ठिपके गोंदले. काकू म्हणाल्या, "या वयात गोंदून आले हो." श्वासाबरोबर स्वादुपिंड वर-खाली सरकतं, म्हणून श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावरची चित्रं घेतात. रोज तीन तास उपाशी यायचं, कारण जठर भरलेलं असलं की ते फुगून किरणांच्या वाटेत येतं. काकूंनी वाल, हरभरा, वाटाणा बंद केला. पोटात वायू धरला की आतड्याची वेटोळी कालच्या जागी आज नसतात.

तिसऱ्या आठवड्यात वही बदलते. अक्षर लहान होतं, ओळी दाटतात. 'पहाटे ३.१०. पातळ.' '४.००. पातळ.' '५.२५. फक्त कळ.' खाण्याच्या रकान्यात पेज, पेज, साबुदाण्याची लापशी, अर्धं केळं, पेज. काकूंचं स्वयंपाकघर त्या महिन्यात पाच पदार्थांवर आलं होतं. दूध बंद करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं; त्यांनीच दोन दिवसांच्या नोंदी बघून केलं, आणि बरोबर केलं. दूध पचवणारं लॅक्टेज आतड्याच्या लवींच्या टोकाशी असतं, लवी झिजल्या की दुधातली साखर तशीच पुढे जाते आणि पाणी ओढते. ताक आणि दही मात्र बऱ्याच जणांना सोसतं. भाकरी, कच्ची कोशिंबीर, सालीसकट द्राक्षं हे सगळं तात्पुरतं बाजूला. नाशिकमध्ये राहून मिसळीकडे पाठ फिरवायची हे काकांना जुलाबांपेक्षा कठीण गेलं, असं ते म्हणतात. कुणी ऐकत असेल तर.

आणि इथे मुद्दा येतो तो आकड्याचा. कॅन्सरच्या उपचारांत जुलाब मोजायची जगभर एक रूढ पट्टी आहे. माणसाच्या रोजच्या सवयीपेक्षा दिवसाला चारपेक्षा कमी वेळा जास्त जावं लागलं तर पहिली पायरी, चार ते सहा वेळा जास्त तर दुसरी, सात किंवा त्याहून जास्त तर तिसरी. पहिल्या पायरीला गोळी आणि पथ्य. तिसऱ्या पायरीला सलाईन, रक्ततपासणी, कॅपेसिटाबिन थांबवणं, कारण ती गोळी स्वतःही जुलाब करते. कधी रेडिएशनलाही खंड. म्हणजे डॉक्टरचा निर्णय एका आकड्यावर टांगलेला. आणि ओपीडीत आपण काय सांगतो? "थोडं पोट बिघडलंय." "अधूनमधून पातळ होतं." सून सोबत आली असेल तर तेवढंही नाही. थोडंला पायरी नसते. मी ओपीडीबाहेरच्या बाकावर काकांसोबत दोनदा बसले, आणि शेजारचे एक आजोबा डॉक्टरांना "बरंय" म्हणून बाहेर आल्यावर काकांच्या कानात म्हणाले, "काल अकरा वेळा गेलो." काकांनी त्यांना हाताला धरून परत आत नेलं.

काकांचा वाईटातला वाईट दिवस पाचव्या आठवड्यातला आहे : मोशन ९. रिमार्क्स : 'लोड कमी केला.' गोळ्या चार दिवस थांबवल्या, त्याचं हे त्यांच्या भाषेत लिहिणं. रेडिएशन थांबलं नाही. २८ पुरे झाले त्या ओळीखाली लाल पेनाच्या दोन रेघा आहेत.

यानंतर सगळं ठीक व्हायला हवं होतं. दोन आठवड्यांत आकडा नऊवरून पाचावर आला आणि मग पाचावरच अडून बसला. घरात सगळ्यांनी धरलं की रेडिएशनचंच आहे, जाईल हळूहळू. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी येत राहिली. वजन उतरत राहिलं. आणि वजन उतरतंय म्हणून काकूंनी आपल्याकडे आजारातून उठलेल्याला देतात ते सगळं सुरू केलं : मऊ भातावर साजूक तूप, मेतकूट, पुन्हा वर तूप. शिऱ्यात तूप. रात्री निजताना चमचाभर तूप.

शस्त्रक्रिया आता होऊ शकेल का हे विचारायला ते मुंबईला गेले. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी. पूर्वी नाशिकच्या माणसाला किरणांसाठीही परळच गाठावं लागे. दोराबजी टाटा ट्रस्टनं उभारलेलं टाटा हॉस्पिटल १९४१ चं, आणि महिना-दीड महिना रोज रेडिएशन म्हणजे तेवढे दिवस मुंबईत मुक्काम. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, ही नावं त्यामुळे खेड्यापाड्यांत माहीत. आता यंत्रं नाशिकमध्येच आल्यानं निदान तो फेरा टळलाय. त्या दिवशीच्या पानावर वेळेच्या रकान्यात घड्याळ नाही, स्टेशनं आहेत. 'इगतपुरी – वडा १.' 'कसारा – कळ.' 'आसनगाव – मोशन.' 'कल्याण – मोशन.' 'दादर – नाही, पण घाई.' गाडीच्या संडासात काय दिसणार? पण मुंबईत भाच्याकडे कमोड होता. तिथे रिमार्क्समध्ये पहिल्यांदा वेगळी नोंद येते : 'फिकट. चिकट. दोनदा पाणी टाकूनही तरंगतं.'

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी वही वाचली. दोन मिनिटांत. म्हणाल्या, "हे जुलाब नाहीत. ही चरबी आहे."

स्वादुपिंड रोज दीडेक लिटर पाचकरस आतड्यात सोडतं. गाठीनं नळी दाबली, उरलेलं किरणांनी सुकवलं, की रस येत नाही. मग तेला-तुपाचं पचन होतच नाही. ते तसंच वाहून जातं. त्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही जातात. याला जुलाबाची गोळी लागू पडत नाही. याला लागतो बाहेरून दिलेला पाचकरस. कॅप्सूलमध्ये, पहिल्या घासाबरोबर. जेवणाआधी तासभर नाही, जेवून उठल्यावर नाही, चावून तर नाहीच. मोठ्या जेवणाला दोन, बिस्किट-चहाला एक, असं साधारण सुरू करतात आणि गरजेप्रमाणे वाढवतात. सोबत आम्ल कमी करणारी गोळी, म्हणजे जठरातल्या आम्लानं कॅप्सूलमधला रस मारला जात नाही. काकूंना वाटलं, आता तूप बंद. बाई म्हणाल्या, तूप चालू ठेवा, कॅप्सूल घालून. चरबी तोडली तर वजन कुठून येणार?

किरणांचा जुलाब आणि रसाच्या तुटवड्याचा जुलाब हे दोन्ही एकाच माणसात एकामागोमाग येतात, कधी एकदमच येतात, आणि लांबून सारखेच दिसतात. फरक ओळखायला यंत्र लागत नाही. बघावं लागतं आणि सांगावं लागतं. रंग काय, तरंगतं का, भांड्याला चिकटतं का. यातला एकही प्रश्न काकांना त्याआधीच्या सात महिन्यांत कुणी विचारला नव्हता, आणि काकांनीही आपण होऊन सांगितला नव्हता. दोष कुणाचा यात मला शिरायचं नाही. मराठीत या गोष्टींना धड शब्द नाहीत. जे आहेत ते शिवीसारखे वाटतात, म्हणून आपण 'मोशन' म्हणतो.

एक अडचण मात्र अजून होती. काका माळकरी. आषाढात नाही जमलं तरी पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाणारे. आणि ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. पुष्कळ रुग्णांना हे सांगितलंच जात नाही, बाईंनी सांगितलं. काकांनी तीन दिवस घेतले. त्या तीन दिवसांच्या पानांवर गोळीच्या रकान्यात आडवी रेघ आहे, मोशनच्या रकान्यात ६, ५, ६. चौथ्या दिवशी काकूंनी देवापुढे दिवा लावला आणि कॅप्सूल भाताच्या पहिल्या घासाशेजारी ताटात वाढली, लोणच्याच्या जागी. "औषधाला सोवळं-ओवळं नसतं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशीचा रिमार्क : 'घेतली.' आठव्या दिवशी मोशन २.

शस्त्रक्रिया व्हायची नव्हतीच. धमनीची मिठी सुटलेली नव्हती. काकांनी विचारलं, मग हे सगळं कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांच्या जगातही भांडण लावतं. २०१६ मध्ये जामा या नियतकालिकात आलेल्या एलएपी-०७ नावाच्या चाचणीत, शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या अशाच रुग्णांत, आधी चार महिने किमो दिल्यावर निम्म्यांना रेडिएशन दिलं, निम्म्यांची किमो चालू ठेवली. रेडिएशनवाले मध्यकानं १५.२ महिने जगले, किमोवाले १६.५. आयुष्य वाढलं नाही. पण गाठ जागच्या जागी वाढली ती रेडिएशनवाल्यांत ३२ टक्क्यांमध्ये आणि दुसऱ्या गटात ४६ टक्क्यांमध्ये. गाठ जागेवर थोपली म्हणजे कण्यातली ती भोसकणारी कळ, आतड्याची अडवणूक, रक्तस्राव लांबणीवर पडण्याची आशा. महिने मोजणाऱ्याला हे थोडं वाटेल. रात्री उठून बसून काढलेल्या माणसाला वाटत नाही. माझं मत विचाराल तर हा सौदा रुग्णाला आकड्यांसकट समजावून त्याच्यावर सोडावा. काका आकड्यांचे माणूस, त्यांना तो सोसला असता. पण ते आकडे त्यांच्यापुढे कुणी ठेवले नाहीत.

डोस वाढवून गाठच जाळावी, हा मोह अर्थात झाला. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये २००० नंतरच्या दशकात एकाच बैठकीत २५ ग्रे देऊन पाहिले. गाठ छान आवरली. काही महिन्यांनी बारा बोटांच्या आतड्यात व्रण निघाले, एकाच्या आतड्याला भोक पडलं. पुढे तोच विचार पाच बैठकींत वाटून, ३३ ग्रेच्या आसपास आणून, आद्यांत्राचा एक घन सेंटिमीटरसुद्धा पूर्ण डोस खाणार नाही अशी मर्यादा घालून पुन्हा केला, तेव्हा त्रास बराच खाली आला. खारघरला टाटाचं प्रोटॉन केंद्र २०२३ पासून चालू आहे, त्याची जाहिरात ऐकून काकांच्या मुलानं चौकशी केली. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या गाठीत कोणतेही किरण भिंत सोडून जात नाहीत.

उशिरा येणारं दुखणं ते या भिंतीचंच. जुलाब गेले, माणूस सावरला, आणि सहा महिन्यांनी, वर्षानं, किरण पडलेल्या जागच्या बारीक रक्तवाहिन्या आकसत जातात, भिंत निबर होते, व्रण पडतो. संडास डांबरासारखा काळा आणि चिकट होतो. लोहाच्या गोळीनंही काळा होतो, पण असा चिकट नाही. जेवण पुढे सरकेना, उलट्या होऊ लागल्या तर आतडं अरुंद झालेलं असू शकतं. आणि अशा पोटावर कंबरदुखीच्या डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून आणून खाणं म्हणजे व्रणाला बोलावणं. हे सगळं मी काकांना चाचरत सांगत होते. त्यांनी मला थांबवलं.

"ट्यूब लीकेज," ते म्हणाले.

बॉयलरच्या भिंती म्हणजे हजारो नळ्या. एकलहऱ्यात २१० मेगावॅटचे संच बंद पडण्याची जी कारणं कॉलनीतलं पोरसुद्धा सांगेल, त्यांत हे पहिलं. "ओव्हरहॉलला नळी तपासतो, हायड्रो टेस्टला पास होते. अन् दोन वर्षांनी भर लोडवर फुटते. आतून पातळ होत गेलेली असते, बाहेरून काही दिसत नाही. मग काय करायचं? कान ठेवायचा. फुटायच्या आधी आवाज येतो, मेकअपचं पाणी वाढतं. लॉगशीटला दिसतं ते. बघणारा पाहिजे."

मग त्यांनी वही माझ्या हातून घेतली आणि त्या दिवसाची दुपारची ओळ भरली. 'चकली अर्धी. कॅप्सूल १.' दिवाळीला आठवडा होता, काकूंनी भाजणी आदल्याच दिवशी दळून आणली होती. घाणा कसा उतरतोय ते बघायला म्हणून एकच तळली होती, ती दोघांत.

रात्रीच्या ओळी मी घरी आल्यावर वाचल्या. रात्रपाळीसारख्याच, दोन-दोन तासांच्या. काका अजूनही मध्यरात्री दोनला उठतात, जावं लागलं नाही तरी, आणि शून्य लिहून परत निजतात. मागच्या पंधरवड्यातल्या एका रात्री मात्र दोनच्या ओळीत अक्षर दुसरंच आहे, गोल, शाळेतल्यासारखं. बाकी सगळे रकाने कोरे. शेवटच्यात काकूंनी लिहिलंय : 'झोपलेत. उठवलं नाही.'